परसातील भाजीचे रोग

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा मंडळीच्या भेटीस गेलो होतो. उपासना आटोपल्यावर एका वृद्ध बाईने आम्हांस आग्रहाने आपल्या घरामागच्या परसात नेले. ही बाई विधवा असून घरी एकटीच राहते. परसात बारा वांगी, पाचसहा मिरच्या, भेंडीची एक ओळ व मांडवावर दोडक्याचा वेल, एवढीच तिची बाग. परंतु आठवड्याच्या बाजारी दोनचार किलो वांगी विकून तिच्या तेलमिठाचा खर्च चालतो, म्हणून ती बाग म्हणजे तिचे शेतच होय. त्या बारा वांग्यांपैकी पाच झाडे माना टाकून उभी होती. पाने हिरवीच होती, त्यांवर डाग नव्हता की कीड नव्हती; तरी उकळते पाणी ओतल्याप्रमाणे ती लोंबत होती.

“बघा ना मास्तर,” ती म्हणाली, “काल संध्याकाळपर्यंत ताठ होती. पाणी घालते तशी जास्तच मलूल होतात. शेजारीण म्हणते, कुणाची तरी दृष्ट लागली. पुतण्या म्हणतो, औषध कमी पडलं.”

शेजारणीच्या सल्ल्याने कुंपणावर चुन्याचे ठिपके दिलेले एक काळे मडके टांगलेले होते, व पुतण्याच्या सल्ल्याने दारामागे एक बाटली होती. ती बाटली कीटकनाशकाची होती. दोन वेळा फवारणी झाली होती आणि दुसऱ्या फवारणीनंतर तिसऱ्याच दिवशी आजीने त्याच झाडांची वांगी तोडून भाजी केली होती. फवारल्यानंतर किती दिवस फळ तोडू नये, हे बाटलीवर छापलेले होते. पण आजीस वाचता येत नाही, आणि पुतण्याने ते वाचले नव्हते. मडक्याने झाडांचे काही बरेवाईट झाले नाही. बाटलीविषयी आम्हांस तसे म्हणता येत नाही.

आम्ही आजीकडे एक काचेचा पेला, स्वच्छ पाणी व कोयती मागितली. नुकत्याच मान टाकलेल्या एका झाडाचे खोड जमिनीजवळ कापून त्याचा चारपाच बोटे लांबीचा तुकडा घेतला, आणि त्याचे कापलेले टोक पेल्यातील पाण्यात बुडवून, पाणी न हलविता, उजेडाकडे धरून ठेवले. थोड्याच वेळात त्या टोकातून दुधासारखे पांढरे, बारीक धागे निघून संथपणे तळाकडे उतरू लागले. आजी चकित होऊन पाहत राहिली. ते दूध नव्हे व चीकही नव्हे. ते रोगाचे जंतू होते, आणि एकेका धाग्यात ते अगणित असतात. झाडाच्या ज्या नळ्यांतून मुळांकडील पाणी वर चढते, त्या नळ्याच हे जंतू भरून टाकतात. म्हणून जमीन ओली असूनही झाड तहानेने मरते. ह्या रोगास जिवाणूजन्य मर म्हणतात. कोकणच्या उष्ण, दमट व आम्ल जमिनीत तो पुष्कळ आढळतो. वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही चारही एकाच कुळातील असल्यामुळे त्या चारांवरही तो पडतो. झाडास एकदा तो जडला म्हणजे कोणत्याही दुकानातील कोणतेही औषध त्यास बरे करीत नाही.

आजीचा पैसा गेला तो रोगामुळे कमी व चुकीच्या निदानामुळे अधिक गेला. आमच्या खेडोपाडीच्या पुष्कळ घरी हेच घडत असते, म्हणून ह्या विषयावर थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले. वाचकांनी हा लेख घरातील ज्यांच्या हाती परसाचे काम असते त्यांस वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

प्रथम एवढे समजून घ्यावे की, झाड वाईट दिसले म्हणजे त्यास रोगच झाला असे नाही. भर दुपारी भोपळ्याची मोठी पाने लवतात व सूर्य कलल्यावर पुन्हा उभी राहतात. तो उन्हाचा परिणाम होय. टोमॅटोच्या फळाच्या तळाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. त्यास लोक करपा समजून फवारतात. पण तो डाग कोणत्याही जंतूने पडत नाही. एक दिवस पूर व चार दिवस कोरड असे अनियमित पाणी दिल्याने फळास चुन्याचे सत्त्व पोहोचत नाही व तो पडतो. नियमाने पाणी द्यावे व बुडाशी पालापाचोळा अंथरावा, म्हणजे पुढील फळे चांगली येतात. मुळांत पाणी साचले तरीही खालची पाने पिवळी होतात. यासाठी औषधाची बाटली उघडण्यापूर्वी झाडाजवळ बसावे. पान उलटून खालची बाजू पाहावी. वरची पाने बिघडली की खालची, ते पाहावे. एक झाड उपटून मुळे धुऊन पाहावी. मुळांवर माळेच्या मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव होय; त्यास फवारणीचा काहीच उपयोग नाही. त्या वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू लावावा, आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद कडा मातीत पुरून चार ते सहा आठवडे ताणून ठेवावा. त्या उन्हाने वाफा असा तापतो की, सूत्रकृमीच नव्हे तर पुष्कळ बुरशा व तणाचे बीही नाश पावते.

खऱ्या रोगांत बुरशीपासून होणारे रोग सर्वांत अधिक आहेत. बुरशी ही कुजण्याचा परिणाम नसून रोगाचे कारण आहे, ही आज मुलांच्या पुस्तकातील गोष्ट वाटते. पण ती सिद्ध होण्यास फार मोठी किंमत पडली. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्याच्या पिकावर करपा पडला. तेथील गरिबांचे सारे पोट बटाट्यावरच अवलंबून होते. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. त्या वेळी कोणी म्हणे हा देवाचा कोप, कोणी म्हणे हवेतील विजेचा परिणाम. मोठमोठे विद्वान म्हणत की, पावसाने झाडांस पाणी अति झाले व ती कुजली, आणि कुजल्यावर बुरशी आली. माइल्स जोसेफ बर्कली नावाच्या इंग्लंडातील एका खेड्याच्या पाळकाने मात्र रोगट पाने सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरून पाहिली, व १८४६ साली लिहिले की बुरशी आधी येते व कुजणे मागून येते. त्याचे म्हणणे बहुतेकांनी मानले नाही. पुढे १८६१ साली अँटन डी बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगाने ते खरे ठरविले. (आजचे शास्त्रज्ञ ह्या करप्याच्या जीवास खऱ्या बुरशीत गणीत नाहीत, ते त्यास पाण्यातील शेवाळांच्या नात्यातला समजतात, पण बागेतील कामास त्याने फरक पडत नाही.) तोच करपा आजही आपल्या टोमॅटोवर व बटाट्यावर थंड, ढगाळ व पावसाळी हवेत येतो, आणि आठवड्याच्या आत वाफा काळा करितो.

बुरशीस ओल हवी असते, हे ध्यानात धरिले म्हणजे अर्धे काम झाले. संध्याकाळी झाडांच्या डोक्यावरून पाणी ओतण्याची आपल्या लोकांस फार हौस आहे. त्यामुळे पाने रात्रभर ओली राहतात, व पानावर पडलेले बुरशीचे बीज त्या ओलीत रुजते. पाणी सकाळी द्यावे व बुडाशी द्यावे. रोपे दाट ठेवू नयेत. टोमॅटोस काठीचा आधार देऊन मातीला टेकलेली खालची पाने काढून टाकावी. कारण पावसाचा थेंब मातीवर पडून उडतो तेव्हा मातीतील रोगही तोच पानावर नेतो. पानावर एकात एक वर्तुळे असलेला तपकिरी डाग दिसला की तो लवकर येणारा करपा समजावा. तो बहुधा खालच्या जुन्या पानांपासून वर चढतो, म्हणून ती पाने वेळीच खुडली तर पुष्कळ झाडे वाचतात.

रोपे उगवून दोन पानांवर आली असता बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात, हा अनुभव बहुतेकांस असेल. त्यास रोपे कोलमडणे म्हणतात, व त्याचे कारणही मातीतील बुरशीच होय. बी दाट पेरणे व वाफा खोलगट असणे, ह्या दोन चुकांनी तो रोग होतो. यासाठी वाफा वीतभर उंच करावा, बी विरळ पेरावे, आणि पेरण्यापूर्वी बियास ट्रायकोडर्मा चोळावा. ही एक उपकारक बुरशी असून ती रोगट बुरशीस खाते. कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि विद्यापीठात ती मिळते. पण ती सजीव आहे हे विसरू नये. मुदत संपलेली किंवा दुकानाच्या दारी उन्हात तापलेली पुडी म्हणजे नुसती भुकटी. तसेच तिच्याबरोबर तांब्याचे औषध मिसळू नये, नाहीतर आपल्याच हाताने आपला पहारेकरी मारल्यासारखे होईल.

करप्यावर व वेलांच्या केवड्यावर जुने व स्वस्त औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याचा शोध मोठा गमतीचा आहे. फ्रान्स देशात बोर्डो शहराच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मळेवाले मोरचूद व चुना यांचे निळे पाणी शिंपडीत, जेणेकरून पाहणाऱ्यास ते विष वाटावे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या दृष्टीस पडले की, मळ्यातील आतल्या वेलींची पाने केवड्याने गळाली आहेत, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. तीन वर्षे प्रयोग करून १८८५ साली त्याने हे औषध प्रसिद्ध केले.

परसासाठी एक लिटर पुरते. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळावे, व दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विझवून कालवावा. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची असावी, धातूची नसावी, आणि ती पुन्हा स्वयंपाकास कधीही घेऊ नये. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावे व फडक्यातून गाळावे. नंतर घासून चकचकीत केलेले विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस लेप चढला तर मिश्रण आंबट आहे व पाने जाळील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या रोपांस निम्म्या ताकदीचे द्यावे. पालेभाजीवर ते मुळीच मारू नये, व फळभाजी फवारणीनंतर निदान आठवडाभर तोडू नये आणि धुतल्यावाचून खाऊ नये. हे औषध रोग होऊ देत नाही. झालेला रोग बरा करीत नाही. पहिला डाग दिसताच जो उठला नाही, त्याने पुढे कितीही फवारले तरी फायदा थोडाच.

भुरी नावाचा रोग मात्र निराळ्या स्वभावाचा आहे. भोपळा, काकडी, दोडका यांच्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो तो हाच. त्यास पानावर पाणी साचण्याची गरज नसते, म्हणून तो पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत व थंड रात्रींत वाढतो. गंधकाची भुकटी हे त्याचे जुने औषध खरे, पण कडक उन्हात ती वेलांची पाने भाजून काढते. १९९९ साली ब्राझील देशातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, एक भाग ताजे दूध व नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदोन वेळा फवारले असता भुरी चांगली आटोक्यात राहते. आम्ही हे करून पाहिले आहे व गुण आला आहे. परंतु ज्या घरी लेकरांस पुरेसे दूध मिळत नाही त्या घरी दूध लेकरांसच द्यावे, व भुरीची पाने कापून जाळावी.

आता ज्या रोगांनी मन सर्वांत जास्त खचते त्यांकडे वळू. भेंडीच्या पानाच्या शिरा प्रथम पिवळ्या होतात, मग सारे पान पिवळे, आणि शेवटी फळही फिकट व निबर. ह्यास हळद्या म्हणतात. मुंबई इलाख्यात हा रोग १९२४ साली प्रथम नोंदला गेला. त्याचे कारण विषाणू होय, आणि पांढरी माशी एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते तेव्हा तो पसरतो. मिरचीचा चुरडामुरडाही पुष्कळदा असाच येतो. मात्र मिरचीच्या बाबतीत घाई करू नये. पाने वरच्या बाजूस होडीसारखी वळली असतील तर फुलकिडे पाहावे, खाली वळली असतील तर डोळ्यांस न दिसणारे कोळी असण्याचा संभव आहे. त्यांचा बंदोबस्त झाला की नवी पाने सरळ येतात. विषाणूचा रोग तसा नाही. तो झाडाच्या अंगी भिनतो व झाडाबरोबरच संपतो.

म्हणून अशा झाडास एकच उपाय, आणि तो कठीण आहे. तो म्हणजे उपटणे. सात झाडांत एक पिवळे दिसले की त्याच दिवशी ते मुळासकट काढून जाळावे किंवा खोल पुरावे. आमच्या बाया येथेच अडखळतात. झाडावर चार भेंड्या लोंबत असतात, त्या मोठ्या होऊ द्याव्या असे वाटते. हाताने लावलेल्या झाडाची दयाही येते. त्या चार भेंड्यांच्या आशेने पंधरा दिवस जातात, व तेवढ्यात माश्या बाकीच्या सहा झाडांवर जाऊन आलेल्या असतात. हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या परसात आम्ही एका वर्षी भेंडीची अख्खी ओळ अशाच दयेने घालविली आहे.

माशी कमी करण्यास पिवळ्या पत्र्यावर एरंडेल लावून तो झाडांच्या उंचीवर टांगावा. पिवळ्या रंगाकडे माशी ओढली जाते व चिकटते. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची पूड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाचा थोडा चुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. हे माशीवर व माव्यावर औषध आहे. विषाणूवर नव्हे, बुरशीवरही नव्हे. बियाणे घेतानाच रोगास दाद न देणारी जात मागावी, हे सर्वांत बरे. परभणीच्या कृषि विद्यापीठाने काढलेली परभणी क्रांती ही भेंडी ह्याच कारणाने नावाजली. हल्ली काही ठिकाणी तिच्यावरही हळद्या दिसू लागला आहे, म्हणून आपल्या भागात सध्या कोणती जात टिकते हे कृषि विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे.

एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे, तिचा कोणी राग मानू नये. तंबाखूच्या झाडास होणारा एक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो, आणि तोच टोमॅटोस व मिरचीसही जडतो. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोचे फुटवे खुडले तर रोग झाडास आपल्याच बोटांनी टोचला जातो. तंबाखूविरुद्ध आमच्या उपदेशकांजवळ इतर कारणे पुष्कळ आहेत. हे एक बागेतले कारण त्यांत जोडावे. निदान रोपांस हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावे.

कपाशीवरचे उरलेले औषध घरच्या भाजीवर मारण्याची चाल विदर्भ-मराठवाड्यात आम्ही पाहिली आहे, व आजीच्या पुतण्याची बाटलीही तशीच कोणाकडून आणलेली होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले. उभ्या पुरुषाचा जीव घेणारे ते औषध आपण मुलांच्या ताटातील वांग्यावर घालीत असतो. शिवाय ते किड्यांचे औषध आहे. बुरशी, जंतू व विषाणू यांस त्याने काहीच होत नाही. उलट माशी खाणारे उपकारक किडे मात्र मरतात.

आता पुन्हा आजीच्या परसाकडे येऊ. पेल्यातले धागे पाहून झाल्यावर आम्ही तीस स्पष्ट सांगितले की, ही पाच झाडे आजच काढावी लागतील, आणि शेजारची दोनही. कारण उताराने पाणी त्यांच्याकडेच जाते. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या दोघींवर फुलं आहेत हो मास्तर.” आम्ही म्हटले, “होय आजी, दिसतात.” तिने स्वतःच कुदळ आणली.

झाडे मुळांच्या मातीसकट टोपलीत भरून नेली व कोरड्या जागी जाळली. खताच्या खड्ड्यात टाकू दिली नाहीत, कारण तेथून तोच रोग पुढच्या वर्षी खताबरोबर साऱ्या परसात पसरला असता. कुदळ व कोयती विस्तवावर धरून मगच दुसऱ्या वाफ्यास लावली. पाण्याचा पाट वळवून रोगट वाफा सर्वांत शेवटी राहील असे केले. त्या वाफ्यात निदान तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा लावायचा नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतले. रानवांग्याच्या मुळावर वांग्याचे कलम केले असता ते ह्या रोगात टिकते, हेही सांगितले. रोपवाटिकांत अशी कलमे मिळू लागली आहेत, पण ती बियाच्या रोपांपेक्षा महाग पडतात.

जानेवारीत आम्ही पुन्हा तिकडे गेलो तेव्हा उरलेल्या पाच वांग्यांपैकी चार उभी होती व फळत होती. पाचवे तिने आम्हांस न विचारताच काढले होते, आणि त्याचा तुकडा पेल्यात धरून शेजारणीस दाखविलाही होता. रोगट वाफ्यात मका हातभर वाढला होता. कुंपणावरील मडके उतरवून तिने त्यात कोंबडीस पाणी ठेवले होते.